जुनं पिस्तूल अडकतंय? काडतुसाला दोष देण्याआधी

वडिलांचं किंवा आजोबांचं पिस्तूल रीतसर आपल्या परवान्यावर येतं. हौसेनं ते रेंजवर नेलं जातं आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीलाच अडकतं. लगेच दुकानदाराला फोन जातो, ‘काडतुसं खराब दिलीत.’ काडतुसं कधीकधी खरंच खराब असतात. पण पन्नास-साठ वर्षं कपाटात पडून राहिलेल्या पिस्तुलात पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा, दुसरा स्प्रिंगांवर आणि काडतुसावर तिसरा. हा क्रम उलटा लावला की पैसे जातात, परवान्यावरचा काडतुसांचा कोटा संपतो आणि बिघाड जागेवरच राहतो.

हा लेख प्रामुख्यानं बत्तीस बोअरच्या, म्हणजे ७.६५ मिमीच्या जुन्या पिस्तुलांबद्दल आहे. आपल्याकडे लष्कराची नऊ मिलिमीटर सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे घरोघरीच्या पिस्तुलांत बत्तीसच जास्त. कोल्टचं १९०३ सालचं मॉडेल, बेल्जियमच्या एफएनचं १९१०चं ब्राउनिंग, वेब्ली अँड स्कॉट, वाल्थर पीपी ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. हे काडतूस जॉन ब्राउनिंगनं आखलं आणि ते १८९९ मध्ये बाजारात आलं. ही पिस्तुलं त्या मूळ काडतुसावर बेतलेली आहेत. मूळ काडतूस म्हणजे गोल नाकाची, पूर्ण धातूचं आवरण असलेली, ७१ ग्रेन म्हणजे सुमारे ४.६ ग्रॅम वजनाची गोळी. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या एका वाक्यात आहे.

आणखी एक खुलासा आधीच करून टाकतो, कारण ही चूक आपल्याकडे वारंवार होते. बोलताना दोन्हींना ‘बत्तीस’ म्हणत असले तरी रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाची कडा ठळकपणे बाहेर आलेली असते. पिस्तुलाचं आखूड असतं आणि कडा जेमतेम जाणवते. खरेदी करताना डब्यावरचा मजकूर परवान्यावरच्या नोंदीशी ताडून पाहा. कोणतंही काडतूस ‘बसतंय की’ म्हणून दुसऱ्या शस्त्रात घालू नका.

अडकलं की आधी काय करायचं

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल निशाणाच्या दिशेनंच धरून ठेवा आणि निदान तीस सेकंद थांबा. प्रायमर उशिरा पेट घेण्याची शक्यता असते. त्या अवस्थेत पिस्तूल वळवून नळीत डोकावणारा माणूस जीव धोक्यात घालतो. तीस सेकंदांनंतर आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढा, मग चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानंही चाचपा. क्रम चुकवू नका. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं आणि आपल्याला वाटतं पिस्तूल रिकामं झालं.

गोळी सुटली, पण आवाज नेहमीसारखा आला नाही, नुसतंच ‘फुस्स’ झालं आणि हाताला धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. अशा वेळी पिस्तूल रिकामं करून रेंजच्या प्रशिक्षकाकडे द्या. नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

अडकलेलं काडतूस किंवा खोळ फेकू नका. निदानासाठी तोच मुख्य पुरावा आहे. कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा: कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, काय झालं.

मॅगझिन

मॅगझिन हा पत्र्याचा साधा डबा दिसतो, पण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतात. वरचे दोन ओठ काडतूस ठरावीक उंचीवर आणि ठरावीक कोनात धरून ठेवतात. मॅगझिन एकदा फरशीवर पडलं तरी ओठ वाकू शकतो. तो जरा पसरला की काडतूस लवकर सुटतं आणि नाक वर करून नळीच्या वरच्या काठाला धडकतं. ओठ आवळला गेला तर काडतूस उशिरा सुटतं आणि चेंबरच्या खालच्या काठावर टेकून बसतं. म्हणून नाक कुठे टेकलंय ते मॅगझिन काढण्याआधी नीट बघा.

मॅगझिनमधली स्प्रिंग दमली असेल तर पहिल्या तीन-चार गोळ्या व्यवस्थित जातात आणि शेवटच्या दोन अडतात. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग दाबलेली असते म्हणून तिचा जोर पुरतो. तळाशी ती सैल पडते आणि स्लाइड पुढे यायच्या आत काडतूस वर येत नाही. दर वेळी शेवटचीच गोळी अडत असेल, तर काडतुसांचा डबा बदलून काही होणार नाही.

आता बत्तीसची खास भानगड. या काडतुसाचं अंग बुडाशी साधारण साडेआठ मिलिमीटर आहे आणि बुडाची कडा साधारण ९.१. म्हणजे कडा दोन्ही बाजूंनी जेमतेम केसभर बाहेर आहे. मॅगझिनमध्ये एकावर एक काडतुसं रचली जातात तेव्हा वरच्याची कडा खालच्याच्या कडेपुढे असायला हवी. ती मागे गेली, तर स्लाइडनं वरचं काडतूस पुढे ढकलताच त्याची कडा खालच्याच्या कडेत अडकते. मग कितीही जोर लावा, ते हलत नाही. मॅगझिन बाहेर काढून पाहिलं तर वरचं काडतूस किंचित पुढे झुकून ठाम बसलेलं दिसतं. अंगठ्यानं ढकललं तरी ते पुढे सरकत नाही, पण खालचं काडतूस दाबून धरलं की अलगद सुटतं. असं दिसलं तर निदान पक्कं झालं.

याचं कारण बहुधा काडतुसाच्या लांबीत असतं. प्रमाण लांबी जास्तीत जास्त पंचवीस मिलिमीटर आहे. पोकळ नाकाच्या हलक्या गोळ्यांची काडतुसं त्याहून आखूड असतात. आखूड काडतुसाला मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा मिळते आणि झाडतानाच्या धक्क्यानं कडा अदलाबदल होतात. पोकळ नाकाची काडतुसं आधुनिक म्हणून जुन्या पिस्तुलात घालण्याचा मोह होतो, पण बत्तीसमध्ये तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. गोल नाकाचं पूर्ण लांबीचं काडतूसच या पिस्तुलांना मानवतं. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवा आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा, म्हणजे सगळी मागे बसतात.

मॅगझिन एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकावर रंगाचा ठिपका द्या. सगळी अडकणूक एकाच ठिपक्याच्या मॅगझिनमध्ये होत असेल, तर निदानही झालं आणि पुढचा खर्चही वाचला. ओठ पकडीनं वाकवायला घरी बसू नका. अर्ध्या मिलिमीटरनं चुकलं तरी असलेलं मॅगझिनही हातचं जातं आणि या पिस्तुलांची मूळ मॅगझिन आता सहज मिळत नाहीत.

स्प्रिंग आणि स्लाइड

या लहान पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत कुलूपबंद होत नाहीत. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत चेंबर बंद ठेवण्याचं काम केवळ स्लाइडचं वजन आणि परतीची स्प्रिंग करते. ही स्प्रिंग एफएन १९१० आणि वाल्थर पीपीमध्ये नळीभोवती असते, कोल्ट १९०३ मध्ये नळीखाली. ती दमली की स्लाइड जोरात मागे आपटते, फ्रेमला इजा होते आणि परत येताना काडतूस पूर्ण आत ढकलायला तिच्यात बळ उरत नाही. स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते.

तपासणी सोपी आहे. मॅगझिन काढलेलं आणि चेंबर रिकामं असताना स्लाइड थोडी मागे घ्या आणि हातानं आवरत हळूच पुढे येऊ द्या. शेवटचे काही मिलिमीटर ती आपल्या जोरावर बंद झाली पाहिजे. अंगठ्यानं ढकलावी लागत असेल तर स्प्रिंग दमली आहे किंवा खाचांत जुनं तेल घट्ट झालं आहे. आधी साफ करा, मग पुन्हा पाहा. कडक स्प्रिंग टाकली की सगळं ठीक होईल असंही समजू नका. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगेमुळे स्लाइड पुरेशी मागे जात नाही आणि रिकामी खोळ बाहेर पडायच्या आत दाराशी चिमटीत सापडते.

खोळ अशी उभी अडकण्याची आणखी दोन कारणं आहेत, कमजोर काडतूस आणि सैल मनगट. पकड ढिली असेल तर पिस्तूल पूर्णच मागे जातं आणि स्लाइडला फ्रेमच्या तुलनेत पुरेसा प्रवास मिळत नाही. वयस्कर परवानाधारकांच्या बाबतीत हे कारण अनेकदा निघतं, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तीच काडतुसं अनुभवी नेमबाजाच्या हातात देऊन पाहा. त्याच्या हातात बिनबोभाट चाललं तर दोष पकडीत आहे.

एक्स्ट्रॅक्टरच्या बाबतीत एक गोष्ट फसवी आहे. या प्रकारच्या पिस्तुलात झाडलेली खोळ वायूच्या दाबानंच मागे ढकलली जाते, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरचं नख झिजलं तरी रिकाम्या खोळी बाहेर पडत राहतात आणि सगळं ठीक वाटतं. न झाडलेलं काडतूस काढायची वेळ आली की नख त्याला सोडून देतं. स्लाइड मागे येते आणि काडतूस चेंबरमध्येच राहतं. पिस्तूल रिकामं झालं असं समजून चाप ओढला जातो तो इथेच. जिवंत काडतूस बाहेर येत नाही असं एकदा जरी झालं, तरी दुरुस्तीशिवाय ते पिस्तूल वापरू नका.

प्रायमरवरची खूण

गोळी सुटली नाही तर काडतूस उजेडात धरून बुडाच्या मधोमध असलेला प्रायमर पाहा. त्यावरचा खड्डा बरंच काही सांगतो. शेजारी नीट सुटलेल्या एखाद्या काडतुसाची खोळ ठेवा आणि भिंगानं दोन्ही खड्डे पडताळून बघा.

खड्डा खोल, गोल आणि मध्यावर असून काडतूस फुटलं नसेल, तर दोष काडतुसाचा. खड्डा उथळ असेल, नुसता टोचल्यासारखा, तर ठोका कमी पडला आहे. फायरिंग पिनच्या वाटेत घट्ट झालेलं तेल, दमलेली स्प्रिंग किंवा पूर्ण बंद न झालेली स्लाइड, या तिन्हींपैकी एक काहीतरी आहे. खड्डा मध्यापासून बाजूला सरकलेला असेल तर ते झिजेचं लक्षण आहे आणि तो प्रश्न जाणकार कारागिराकडेच न्यायचा.

प्रायमर आपल्या खाचेत पूर्ण बसलेला नसेल तर पहिला ठोका त्याला आत बसवण्यात खर्च होतो आणि दुसऱ्या ठोक्याला काडतूस सुटतं. वाल्थर पीपीत चाप पुन्हा ओढला की दुसरा ठोका मिळतो. कोल्ट १९०३ चा घोडा स्लाइडच्या आत झाकलेला आहे आणि एफएन १९१० ला घोडाच नाही, तिथे स्लाइड ओढून ते काडतूस पुन्हा भरावं लागतं. ही चाचणी रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि तीस सेकंदांचा नियम पाळूनच करायची.

आता काडतुसाकडे

पहिलं बघायचं ते बाह्य रूप. पितळेवर हिरवा कळंक चढलेला आहे का, खोळीच्या तोंडाशी चीर आहे का, गोळी बोटानं हलतेय का, प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा वर आलाय का. यातलं एकही लक्षण दिसलं तर ते काडतूस बाजूला ठेवा.

दुसरं, लांबी. रोज रात्री भरायचं आणि सकाळी काढायचं अशी सवय अनेकांना असते, आणि दर वेळी तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. दर वेळच्या धडकेनं गोळी थोडी थोडी खोळीत आत सरकते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो, आणि जुन्या पिस्तुलाला तो सोसत नाही. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ते वापरातून बाद करा. तसंही या जुन्या पिस्तुलांत चेंबर भरलेलं ठेवू नये. कोल्ट १९०३ आणि एफएन १९१० मध्ये फायरिंग पिन अडवून धरणारी आजच्यासारखी व्यवस्था नाही.

तिसरं, काडतुसांचा इतिहास. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असलेली त्याची काडतुसं आपल्याकडच्या जुन्या साठ्यांत हमखास सापडतात. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं चांगलं काडतूस कित्येक दशकं टिकतं. तेच कोकणातल्या घरात, उघड्या डब्यात, चार-पाच पावसाळे काढलेलं असेल तर त्यावर भरवसा नको. डब्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा. एकाच लॉटची काडतुसं खोल खड्डा पडूनही सुटत नसतील तर तो लॉट खराब आहे, आणि मग दुकानदाराशी बोलायला तुमच्या हातात पुरावा असतो.

युरोपात बनलेली बत्तीसची काडतुसं अमेरिकी काडतुसांपेक्षा सहसा थोडी जोरदार असतात. दमलेली स्प्रिंग असलेल्या पिस्तुलात ती जास्त ठोका देतात, तर घट्ट स्प्रिंगेच्या पिस्तुलात तीच बरी चालतात. म्हणून ‘अमुक काडतुसं उत्तम’ हा मित्राचा सल्ला त्याच्या पिस्तुलापुरता खरा समजा.

निदानाची रीत

एका वेळी एकच गोष्ट बदला. पिस्तूल साफ केलं, स्प्रिंग बदलली आणि काडतुसंही नवी आणली तर बरं कशानं वाटलं ते कळणारच नाही. रेंजवर आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडा. मग दोन. दुसरं काडतूस आपोआप वर येऊन भरलं गेलं, तर मग पूर्ण मॅगझिन. एका काडतुसालाच अडत असेल तर प्रश्न स्लाइड, चेंबर किंवा ठोक्याचा. दोनपासून अडायला लागलं तर मॅगझिन. मग मॅगझिन बदला, काडतुसं तीच ठेवा. त्यानंतर काडतुसांचा लॉट बदला, मॅगझिन तेच ठेवा. वही जवळ असू द्या.

नळी सुटी करता येत असेल, उदाहरणार्थ एफएन १९१० मध्ये, तर नळी पिस्तुलाबाहेर काढून काडतूस तिच्या चेंबरमध्ये सोडून पाहता येतं. ते टपकन आत जायला हवं आणि नळी उलटी केली की आपल्या वजनानं बाहेर पडायला हवं. एकच काडतूस अडत असेल तर ते फुगलेलं आहे, सगळीच अडत असतील तर चेंबर मळलेलं किंवा गंजलेलं आहे. वाल्थर पीपीची नळी फ्रेमला पक्की असते, तिथे हा प्रयोग करायचा नाही.

तेल, पाऊस आणि कपाट

आपल्याकडे जुनी शस्त्रं बिघडतात ती वापरानं कमी आणि जपणुकीच्या चुकीच्या पद्धतीनं जास्त. खोबरेल थंडीत गोठतं, गोडंतेल हळूहळू चिकट होतं. फायरिंग पिनच्या बारीक वाटेत असं तेल साचलं की ठोका मंदावतो. शस्त्रांसाठीचं पातळ तेल वापरा, नसेल तर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल चालेल, पण थेंबभरच. जास्तीचं तेल ओघळून मॅगझिनमध्ये जातं, तिथून प्रायमरमध्ये झिरपतं आणि काडतूस मरतं. मॅगझिन आतून कोरडंच ठेवायचं असतं.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल घालून वर्षभर ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात त्याच्या आकाराचाच गंज पिस्तुलावर उमटतो. पिस्तूल म्यानाबाहेर, कुलूपबंद, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं असेल, तर परत मिळाल्यावर पहिलं काम नळी आणि चेंबर पाहून साफ करण्याचं.

फार जुनी काडतुसं झाडली असतील तर त्यांच्या प्रायमरमधला क्षार नळीत उरतो आणि हवेतली ओल शोषून गंज धरतो. नुसत्या तेलानं तो जात नाही. आधी गरम पाण्यानं नळी धुवा, पूर्ण कोरडी करा, मग तेलाचा हात फिरवा.

दुरुस्ती कुणाकडे

शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रातच मोडतात. परदेशातून टपालानं नळी किंवा स्लाइड मागवणं, किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडून फायरिंग पिन करून घेणं, हे दोन्ही अंगाशी येऊ शकतं. काम परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा कारागिराच्या मार्फतच द्या आणि पावती घ्या. पॉलिश करायला दिलं तर शस्त्रावरचा क्रमांक घासला जाणार नाही हे आधीच बजावून सांगा. क्रमांक पुसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. चेंबरची उतरण आपल्या हातानं घासू नका, ती जास्त घासली गेली की परत भरता येत नाही. काडतुसं घरी पुन्हा भरण्याचा उद्योगही नको, विनापरवाना काडतूस बनवणं बेकायदा आहे. बाद झालेली काडतुसं कचऱ्यात टाकू नका. विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून रीतसर जमा करा आणि त्याची नोंद करून घ्या.

एवढं सगळं करूनही पिस्तूल भरवशाचं होत नसेल, मूळ भाग मिळत नसतील, फ्रेमला चीर दिसत असेल, तर ते रक्षणासाठी वापरू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा किंवा परवान्यावर बदल करून दुसरं घ्या. आणि असं पिस्तूल आज तुमच्या कपाटात असेल, तर पुढच्या पावसाळ्याआधी एकदा ते रेंजवर नेऊन जाणकाराला दाखवाच.